जपानी रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताय? या चुका टाळा

मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये २००४ साली 'वसाबी बाय मोरिमोतो' सुरू झालं, तेव्हा जपानी जेवण ही पंचतारांकित चैन होती. आता वांद्रे-खारपासून पुण्याच्या कोरेगाव पार्कपर्यंत सुशी मिळते, आणि वाढदिवसाला लोक आई-बाबांना, सासू-सासऱ्यांनाही घेऊन जातात. अशा जेवणाचा विचका झाला, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: जे आधी विचारायचं, ते ताट समोर आल्यावर विचारलं जातं.

'व्हेज आहे ना?' एवढंच विचारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मिसो सूपच्या वाटीत दिसतात टोफूचे चौकोनी तुकडे, कांद्याची पात आणि थोडं समुद्री शेवाळ. शाकाहारी माणूस निर्धास्तपणे वाटी तोंडाला लावतो. पण त्या सूपचा पाया असतो दाशी. नेहमीची दाशी दोन गोष्टींची बनते: कोंबू हे वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि काट्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरी देऊन, खडखडीत वाळवलेल्या बोनिटो माशाचे कागदासारखे पातळ पापुद्रे. हीच दाशी उदोन या जाड नूडल्सच्या रश्श्यात असते, टेम्पुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या-कोळंबीसोबतच्या पातळ सॉसमध्ये असते, अगेदाशी टोफू म्हणजे तळलेल्या टोफूखाली असते. ओकोनोमियाकी या कोबीच्या जाडसर धिरड्यावर ते पापुद्रे निदान डोळ्यांना दिसतात, गरम वाफेवर हलत असतात. बाकी ठिकाणी मासा दिसत नाही. रामेनवर, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सवर, भाज्या कितीही असोत, खालचा रस्सा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असू शकतो.

म्हणून प्रश्न नेमका हवा: "आम्ही मासा किंवा माशाचा अर्कही खात नाही. तुमची दाशी कशाची आहे? नुसत्या कोंबूची किंवा शिताके मशरूमची मिळेल का?" आणि हा प्रश्न टेबल बुक करताना फोनवरच विचारा. रस्सा आधीच करून ठेवलेला असतो, ऐनवेळी वेटरच्या हातात काही नसतं. त्याच फोनवर आणखी विचारून घ्या: कोळंबीचा आणि भाज्यांचा टेम्पुरा एकाच तेलात तळतात का, रोलवरचं मेयोनेज अंड्याचं आहे का. घरात कोणी जैन असेल तर कांदा, लसूण, मशरूम यांबद्दलही तेव्हाच सांगा. दारू वर्ज्य असेल तर तेरियाकी सॉसची चौकशी करा, त्यात मिरिन किंवा साके ही तांदळाची दारू पडते. गहू चालत नसेल तर साध्या सोया सॉसमध्येही गहू असतो, हे लक्षात असू द्या.

हे विचारताना अवघडायचं कारण नाही. जपानमधल्या बौद्ध मठांच्या शोजिन र्‍योरी या स्वयंपाकात मांस-मासे नसतात, तिथे दाशी कोंबूची आणि शिताकेचीच असते. किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये ग्लुटामेट वेगळं काढून ज्या चवीला उमामी हे नाव दिलं, ती चव त्यांना सापडली कोंबूच्या दाशीतच. शाकाहारी दाशीला कमअस्सल समजणारं रेस्टॉरंट मला तरी पटत नाही.

सगळं एकदम मागवणं

आपल्याला टेबल भरलेलं आवडतं. पण इथे सुशीचा काउंटर वेगळा आणि गरम स्वयंपाकघर वेगळं, त्यामुळे जे तयार होईल ते आधी येतं. फोटो काढेपर्यंत टेम्पुरा मऊ पडतो, रामेनचे नूडल्स फुगतात. तेमाकी, म्हणजे हातात धरायचा सुशीचा कोन, आल्या आल्या खा. नोरीचा, म्हणजे बाहेरच्या शेवाळाच्या पापुद्र्याचा, कुरकुरीतपणा काही मिनिटांचाच असतो, नंतर ती दातांनी ओढून तोडावी लागते. दोन-तीन फेऱ्यांत मागवा: आधी एदामामे (कोवळ्या सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा) किंवा सॅलड, मग सुशी, शेवटी रामेन किंवा भाताचा पदार्थ. एदामामेच्या शेंगा चावायच्या नसतात, दातांनी दाणे काढून साल बाजूला ठेवायची.

सोया सॉसमध्ये भात बुडवणं

निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली सुशी, उलटी करून माशाची बाजू टेकवा, तीही जेमतेम. भाताची बाजू बुडवली की भात सुटतो आणि तोंडात नुसतं मीठ लागतं. हाताने खाल्लेली चालते, उलट हातानेच ती नीट धरता येते. लोणच्यासारखं दिसणारं गुलाबी आलं दोन घासांच्या मधे खायचं, सुशीवर रचायचं नाही.

वसाबी हिरवी चटणी समजून चमचाभर घेऊ नका. तो मोहरीच्याच कुळातला, त्यामुळे फेसलेल्या मोहरीसारखा नाकात चढतो. चढलाच तर पाणी पिऊन फारसा उपयोग नाही, तोंडाने सावकाश श्वास सोडा. क्षणभरात उतरतो.

चॉपस्टिक्स

खालची काडी स्थिर, हलते ती फक्त वरची. जमलं नाही तर खुशाल काटा मागा. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. वाटीतल्या भातात काड्या उभ्या रोवू नका, जपानमध्ये मृताला वाहिलेल्या भातात तशा रोवतात. आणि एका काडीजोडीतून दुसरीत घास देऊ नका. तिथे दहनानंतर नातेवाईक अस्थी अशाच उचलून एकमेकांकडे देतात. अस्थिसंचय आपल्याकडेही आहे, तेव्हा हे जपानी माणसाला का खुपतं ते वेगळं समजवायला नको. घास समोरच्याच्या ताटलीत ठेवा.

ओमाकासेचा दर न विचारणं

यात काय वाढायचं ते शेफ ठरवतो. माणशी दर, किती पदार्थ आणि करांसह किती होतील, हे बुकिंगलाच विचारा. काउंटरवर सगळ्यांना एकत्र वाढतात, त्यामुळे अर्धा तास उशिरा पोचलात तर सुरुवातीचे पदार्थ हुकू शकतात. गरोदर बाई सोबत असेल तर कच्चा मासा नको, हे आधी कळवा.

उरलेली सुशी फ्रिजमध्ये टाकणं

फ्रिजमध्ये भात टणक होतो, आणि बाहेर ठेवलेला कच्चा मासा मुंबईच्या उकाड्यात भरवशाचा नाही. सुशी थोडी कमीच मागवा. पार्सल न्यायचंच असेल तर रामेन न्या, नूडल्स आणि रस्सा वेगवेगळ्या डब्यांत द्यायला सांगून.