निवृत्तीनंतर गावी राहायला जाताय? मराठवाड्यात या चुका टाळा

श्रावणात शेत पाहून बेत पक्का करणं ही पहिली चूक, आणि सगळ्यांत महागात पडणारी. तेव्हा परभणीपासून धाराशिवपर्यंत सगळं हिरवंगार असतं, विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात. मराठवाड्यात हिशेब धरायचा तो मे महिन्याचा.

पाणी अंदाजाने धरणं

मे महिन्यात मोटार लावून विहीर उपसा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी किती चढलं ते मोजा. 20 फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. आता रोजची गरज मांडा: दोन माणसांना 200 लिटर, एका गाईला 70, चार शेळ्यांना 30, ठिबकवरच्या एक गुंठा भाजीपाल्याला 500. झाले 800 लिटर. म्हणजे दिवसाला दीड-दोन इंच पाझर असला तरी घर निभतं. तेवढाही नसेल तर गाय आणि भाजीपाला तूर्त बाजूला ठेवा.

विहीर आटली की लगेच बोअरची गाडी बोलावतात. आपल्याकडे खाली बेसाल्ट आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात आणि भेगांत. त्याखाली अखंड काळा पाषाण लागला की 600 फुटांवरही नुसता फुफाटाच उडतो. पाणी लागलंच तर ते तपासल्याशिवाय पिऊ नका. खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकतं. फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या आणि नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर नको. ही तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते.

छपराच्या पाण्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 1,000 चौरस फुटांच्या स्लॅबवर 700 मिलिमीटर पाऊस झाला, तर गळती-वाफ धरूनही 50,000 लिटर हाती येतात. दोघांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज 20 लिटर धरले तर पावसाळा संपल्यापासून आठ महिन्यांना 5,000 लिटरची टाकी पुरते. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस टाकीत घेऊ नका, ते पाइपाच्या बुडाशी बूच लावून बाहेर सोडा. साठवलेल्या पाण्याला वास येतोय? मग एक तर टाकीत उजेड शिरतोय किंवा जाळी फाटून पालापाचोळा आत गेलाय. काळी टाकी, घट्ट झाकण, आणि 1,000 लिटरला 5 ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबा.

उघड्या शेततळ्यावर घरखर्चाच्या पाण्याची भिस्त नको. 20 बाय 20 मीटरच्या तळ्यातून कडक उन्हाळ्यात रोज तीन-चार हजार लिटर पाण्याची वाफ होते.

काळ्या रानात उथळ पाया

भिंतीची भेग पावसाळ्यात मिटते आणि उन्हाळ्यात उघडते? मग दोष गिलाव्याचा नाही, काळ्या मातीचा आहे. ती ओलीने फुगते आणि वाळली की आक्रसते. पाया मुरमापर्यंत न्या, भरावही मुरमाचाच करा आणि घराभोवती तीन फूट रुंद फरशी उताराने बसवा. न्हाणीचं पाणी पायाशी मुरवू नका.

धान्य पिकवलं, पण किड्यांनी खाल्लं

दोघांना वर्षाला दीड-दोन क्विंटल ज्वारी पुरते. 20 गुंठे कोरडवाहू रब्बीत मालदांडी ज्वारी बरी ओल असेल तर तेवढी देते. बियाणं दोन किलो, पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तुरीला 10 गुंठे बस्स झाले. यापुढचं रान बटईने द्या. साठीनंतर चार एकर अंगावर घेणारा माणूस मजुरांची वाट पाहण्यातच दिवस घालवतो.

खरं नुकसान कोठीत होतं. ज्वारी दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा, पण उन्हातली गरम ज्वारी तशीच कोठीत भरू नका. आत वाफ धरते, बुरशी येते, सोंडे होतात. रात्रभर सावलीत निवू द्या, मगच भरा. कोठी फळीवर आणि भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. तुरीची डाळ पावसाळ्याआधीच करून घ्या, अख्ख्या तुरीला भुंगा लवकर लागतो. आणि राहत्या घरात धान्यात सेल्फॉससारख्या गोळ्या कधीही टाकू नका. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूने झोपेतच माणसं दगावतात.

जनावरं आणि गोबरगॅस

संकरित होल्स्टिन गाईला आपलं ऊन झेपत नाही. देवणी किंवा लाल कंधारी दूध कमी देईल, पण टिकेल. गाईला रोज सहा किलो कडबा धरला तरी वर्षाला 20-22 क्विंटल लागतो. 20 गुंठ्यांत त्याच्या निम्मा निघतो. उरलेला काढणी झाल्याबरोबर शेकड्याने घेऊन गंजी लावा, मे महिन्यावर ढकलू नका.

कोवळी, पाण्याचा ताण बसलेली किंवा कापणीनंतर फुटलेली ज्वारी खाल्ली की जनावराला किराळ, म्हणजे ज्वारीतल्या विषाची बाधा, लागते. धाप लागते, पोट फुगतं, तोल जातो, आणि काही तासांतच खेळ संपतो. अशा रानात दावं सोडू नका. लागलीच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा.

एक गाय रोज 10 किलोच्या आसपास शेण देते. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला 50 किलो लागतं. एका गाईवर हा संयंत्र बांधला की चूल पुन्हा सरपणावर येते.

कागद

वडिलोपार्जित सामाईक सातबाऱ्यावर घर-विहीर बांधण्याआधी जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे वाटप करून घ्या. नवी जमीन घेताना भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली) असेल तर परवानगीशिवाय व्यवहार नको. वाट कागदावर आहे का, तेही पाहा. नसेल तर कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो.

जमिनीवर झोपणं

मण्यार रात्री घरात शिरते. दंशाची जागा सुजत नाही, फारशी दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. खाट आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हवीच. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर असतो का आणि सर्पदंशावरची लस (प्रतिविष) असते का, हे राहायला जाण्याआधीच विचारून ठेवा. दंशाची शंका आली तरी 108 ला फोन करा, हात-पाय हलवू नका आणि दोरीने आवळू नका.