पेजेच्या निवळीवर पानांची परीक्षा: अर्कातले अँटिऑक्सिडंट घरी कसे ताडून पाहावे

परसातला पेरू, वृंदावनातली तुळस आणि मशिंग, म्हणजे शेवगा. या तिघांच्या पानांत अँटिऑक्सिडंट जास्त कोणात? हे घरीच ताडून बघता येतं. अँटिऑक्सिडंट द्रव्यं आपले इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देतात. आयोडीनला ते मिळाले की त्याचा रंग जातो. तो जायला अर्काचे किती थेंब लागले, एवढंच मोजायचं.

पानं शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत ती सुकण्याआधीच बुरसतात. ओळखीच्या झाडाचीच घ्या. खाणीच्या वाटेवरची असली तर लाल धूळ जाईपर्यंत धुवा, त्या धुळीतलं लोह परीक्षा बिघडवू शकतं. उन्हात न टाकता सावलीत पसरा. बोटांत चुरडल्यावर कुरकुरीत चुरा झाला की पान तयार.

आता अर्क. प्रत्येकाची २ ग्रॅम पूड, १०० मिलिलिटर कढत पाणी, १० मिनिटं. पाणी उकळी उतरल्यावर ओता आणि लगेच झाकण ठेवा, कारण तुळशीतलं युजेनॉल, म्हणजे तिचं वासाचं द्रव्य, वाफेबरोबर उडून जातं. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत पेरूच्या पानातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, काळंनिळं होतं. मलमलच्या फडक्यातून गाळून त्याच दिवशी वापरा. ठेवून दिलेला अर्क हवेने स्वतःच ऑक्सिडाइज होत जातो.

परीक्षेसाठी उकड्या तांदळाच्या बिनमिठाच्या पेजेची थंड निवळ हवी. काचेच्या पेल्यात १०० मिलिलिटर पाणी घ्या, त्यात दोन चमचे निवळ आणि औषधाच्या दुकानातल्या ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनचे २ थेंब टाका. निवळीतल्या स्टार्चला आयोडीन लागून पाणी निळंजांभळं होईल. पेल्याखाली पांढरा कागद ठेवा. ड्रॉपरने अर्काचा एक थेंब सोडा, ढवळा, अर्धा मिनिट थांबा, मग दुसरा. थेंब पडतो तिथे आधी फिकट खळगा उमटतो आणि ढवळल्यावर भरून येतो. जो थेंब पडल्यावर निळाई परत येत नाही, तो शेवटचा. आकडा वहीत लिहा. प्रत्येक अर्कासाठी तीनदा करा, एकदाच्या आकड्यावर विसंबू नका.

तुलनेला क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी एक लिटर पाण्यात विरघळवा. हिशेबाने तिचे १४ थेंबांच्या आसपास लागायला हवेत. फार वेगळा आकडा आला, तर थेंबांचा आकार किंवा आयोडीनची बाटली तपासा. अर्काचा आकडा जितका लहान, तितका तो जोरकस.

प्रयोगशाळेत यासाठी डीपीपीएच नावाच्या रसायनाचा जांभळा द्राव वापरतात आणि ५१७ नॅनोमीटरवर रंग किती उतरला ते मोजतात. तत्त्व आपल्यासारखंच, अचूकता कितीतरी जास्त.

पेल्यातला हा जोर म्हणजे शरीरातला गुण नव्हे. पानांतली बरीच पॉलिफेनॉल, म्हणजे टॅनिनसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्यं, आतड्यातून रक्तात फारच थोडी जातात. मधुमेहाच्या वा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी आकडा बघून रोज काढा घेऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावं. ही माझी मनापासूनची विनंती आहे. परीक्षेतलं पाणी कोणीच पिऊ नये.

आयोडीन ओट्यावर सांडलं, तर तेच क जीवनसत्त्वाचं पाणी लावून पुसा, डाग जातो.