शर्यतीच्या मोटारसायकलवर मागे बसताना या चुका टाळा

ट्रॅकवर अनुभवी रेसरच्या मागे बसून काही फेऱ्या मारायला मिळाल्या की बहुतेक जण रस्त्यावर मागे बसण्याच्या सवयी सोबत घेऊनच येतात. चालकाच्या कमरेला मिठी मारायची, ब्रेक लागला की त्याच्या पाठीवर रेलायचे आणि गाडी कलली की आपण सरळ बसायचे, या तिन्ही सवयी रस्त्यावर खपून जातात. ट्रॅकवर मात्र त्याच सवयी चालकाला सर्वाधिक त्रास देतात. मागच्या माणसाने तोल सांभाळायला मदत करावी, अशी चालकाची अपेक्षा नसते. आपले वजन कुठे आहे हे त्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असावे आणि ते त्याला न विचारता हलू नये, एवढेच त्याला हवे असते. साइडकारच्या, म्हणजे बाजूला तिसरे चाक जोडलेल्या मोटारसायकलच्या, शर्यतीत सोबती प्रत्येक वळणाला शरीर बाहेर झोकून देतो, कारण तिथे ते त्याचे काम असते. दोन चाकांवर तसला उत्साह दाखवू नये.

सर्वांत मोठी चूक ब्रेकच्या वेळी होते. ताशी २५० किलोमीटरवरून ९० किलोमीटरवर येताना वेग गुरुत्वाकर्षणाच्या बळाइतक्या जोराने उतरत असेल, तर त्याला सुमारे साडेचार सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ सत्तर किलोचा माणूस पुढच्या दिशेनेही सत्तर किलोच्याच जोराने ढकलला जात असतो. हा भार कुठेतरी उतरवावाच लागतो. तो चालकाच्या पाठीवर पडला, तर तिथून त्याच्या मनगटांवर आणि हँडलबारवर जातो. नेमक्या त्याच वेळी त्याला गाडी वळणात घालण्यासाठी हात हलके हवे असतात. म्हणूनच मागच्या माणसासाठी खास बनवलेल्या गाड्यांच्या पेट्रोल टाकीवर हँडल बसवलेली असतात. ड्युकाटीच्या दोन आसनी मोटोजीपी (मोटारसायकल शर्यतींची सर्वोच्च जागतिक मालिका) गाडीवरही अशीच रचना होती. जागतिक अजिंक्यपदाच्या ५०० सीसी वर्गात १९८०, १९८१, १९८४ आणि १९८७ अशा चार हंगामांत उपविजेते ठरलेले रँडी मामोला या गाडीवरून अनेक वर्षे पाहुण्यांना फिरवत असत. पाहुण्याने चालकाच्या दोन्ही बाजूंनी हात पुढे घ्यायचे आणि ही हँडल धरायची. ब्रेक लागताना ती ढकलायची, वेग घेताना ओढायची. चालक मध्ये असला तरी भार त्याच्यावर येऊ द्यायचा नाही.

येथे वेळ साधणे महत्त्वाचे असते. ब्रेक लागल्यावर हात ताठ करायला गेलात तर उशीर झालेला असतो. सरळ पट्टा संपत आला, इंजिनाचा आवाज खाली उतरू लागला किंवा चालकाची छाती टाकीवरून उचलली गेली, की लगेच तळवे टाकीवरच्या हँडलांना टेकवून कोपरे किंचित वाकलेली ठेवावीत आणि मांड्यांनी घट्ट पकड घ्यावी. कोपरे पूर्ण ताठ केली तर धक्का थेट खांद्यांत बसतो. ‘पोत्यासारखे बसून राहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धाच पटतो, कारण पोते वळणात निमूट राहत असले तरी ब्रेक लागताच पुढे सरकते.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दंडाच्या खालचा भाग दगडासारखा होऊन बोटे उघडेनाशी झाली, तर संपूर्ण फेरीभर हँडल आवळून धरली होती, असे समजावे. पकड ब्रेकच्या आणि वेग घेण्याच्या क्षणापुरती घट्ट असावी, वळणाच्या मध्यावर बोटे सैल सोडावीत आणि शक्य तितके काम पायांकडून करून घ्यावे. श्वास रोखण्याची खोडही इथेच लक्षात येते. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना श्वास मुद्दाम सोडावा, म्हणजे खांदेही आपोआप खाली येतात.

वळणातली भीती मात्र बरीचशी गैरसमजातून येते. बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की गाडी आणि माणसे मिळून सुमारे ४५ अंशांत झुकतात, आणि त्या स्थितीत माणूस आतल्या बाजूला घसरत नाही, उलट आसनात दाबला जातो. सत्तर किलोचे शरीर तेव्हा जवळजवळ शंभर किलोचे वाटते. जमीन जवळ आलेली पाहून मागचा माणूस सरळ होऊ लागला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य बाहेरच्या बाजूला सरकतो आणि तेच वळण त्याच वेगाने घ्यायला चालकाला गाडी आणखी झुकवावी लागते. म्हणजे ज्या गोष्टीची भीती वाटते, तीच आपण वाढवून ठेवतो. उजव्या वळणात चालकाच्या उजव्या खांद्यावरून आणि डाव्या वळणात डाव्या खांद्यावरून पुढच्या रस्त्याकडे पाहावे. नजर गेली की धड तिच्यामागून जाते आणि वेगळे झुकण्याची गरज उरत नाही. उजवे-डावे लागोपाठ येत असेल तर डोके मध्येच आणि खाली ठेवावे, नाहीतर दोन हेल्मेट एकमेकांवर आपटतात. एकदा वळणात शिरल्यावर बूड सरकवणे, पाय नीट करणे, सूट ओढणे यांपैकी काहीही करू नये. बसण्यात चूक झाली असेल तर ती पुढच्या सरळ पट्ट्यावर दुरुस्त करावी.

पायांचे तंत्र थोडक्यात सांगता येते. चवडा फूटरेस्टवर ठेवावा, टाच आत घ्यावी आणि गुडघे चालकाच्या नितंबांना लागून असावेत. बूट बाहेर वळलेला असेल तर झुकलेल्या गाडीवर तो जमिनीला घासतो आणि पाय फूटरेस्टवरून उडतो.

काही चुका पिटमध्येच, म्हणजे ट्रॅकलगत गाडी तयार करण्याच्या जागीच, होऊन बसतात. वजन विचारले असता संकोचाने चार-पाच किलो कमी सांगणे ही त्यांतली सर्वांत निरर्थक. मागचे सस्पेन्शन त्या आकड्यावर बेतलेले असते. आणि मागच्या माणसाचे वजन उंचावर आणि मागच्या चाकाच्या जवळ पडत असल्याने थ्रॉटल उघडताच पुढचे चाक किती हलके होईल, याचा अंदाजही चालक त्यावरूनच बांधतो. पाठीचे, मानेचे किंवा हृदयाचे दुखणे आणि गरोदरपण या गोष्टी लपवू नयेत. डोके आणि हेल्मेट मिळून सुमारे सहा किलो होतात, आणि ब्रेकच्या वेळी मानेला ते पुढच्या दिशेने तोलून धरावे लागतात.

लेदर सूट उभ्याने घालून ‘बरा बसतोय’ म्हणणे पुरेसे नाही. उभे असताना चालायला अवघड वाटणारा सूटच वाकून बसल्यावर नेमका बसतो, तर उभ्याने आरामदायी असलेल्या सूटची गुडघ्यांची आणि कोपरांची संरक्षक आवरणे जागेवरून फिरतात. आत जाड कपडे, पट्टा, चाव्या, फोन काहीही नको. हेल्मेटही गाडीवर वाकून बसल्यावरच तपासावे, कारण त्या स्थितीत सूटच्या पाठीवरचा उंचवटा किंवा पाठीचे संरक्षक कवच हेल्मेटला मागून ढकलतो आणि त्याची वरची कड डोळ्यांवर येते. व्हायझरवर, म्हणजे हेल्मेटच्या पुढच्या काचेवर, धुके धरत असेल तर पिट लेनमध्ये तो बोटभर उघडा ठेवावा, पण ट्रॅकवर जाण्यापूर्वी खटका बसेपर्यंत बंद करावा. अर्धवट उघडा व्हायझर सरळ पट्ट्यावर वाऱ्याने वर फेकला जातो. तोच वारा सरळ पट्ट्यावर मान मागे खेचत असेल, तर तुम्ही उंच बसला आहात. हनुवटी खाली घेऊन चालकाच्या पाठीमागच्या सावलीत यावे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दोन बोटांचा फरकही जाणवतो.

मळमळू लागले तर डोळे मिटू नयेत, त्याने मळमळ वाढते. नजर दूरवर ठेवावी. फेरीपूर्वी दोनएक तास आधी हलके खावे; उपाशीपोटी बसणाऱ्यालाही गरगरतेच.

हळू चालवण्याची खूण निघण्यापूर्वी ठरवली नसेल, तर मांडीवर मारलेल्या थापेचा अर्थ चालक ‘अजून जोरात’ असा लावू शकतो. खूण एकच असावी, ती सरळ पट्ट्यावर आणि एकाच हाताने द्यावी, आणि गाडी झुकलेली असताना किंवा ब्रेकवर असताना कधीही देऊ नये. चालकाने वेग कमी केल्याचे जाणवले तरी लगेच अंग सैल सोडून उठून बसू नये. ट्रॅक सोडून पिट लेनमध्ये शिरेपर्यंत मागून दुसऱ्या गाड्या येत असतात.

गाडी थांबल्यावर उतरण्याची घाई करू नये. पाय थरथरत असतात, गाडीची मागची बाजू उंच असते आणि एक्झॉस्ट तापलेला असतो. मेकॅनिकने गाडी धरल्यावर आणि चालकाने मान हलवल्यावरच त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहावे आणि गुडघा छातीपर्यंत उचलून पाय पलीकडे घ्यावा.