कोरोनातलं भाडं अजून अडकलंय? वसुली करताना या चुका टाळा

"लॉकडाऊनचं भाडं सरकारनं माफ केलं होतं ना?" असं ठणकावून विचारणारे भाडेकरू अजून भेटतात, आणि ते ऐकून गप्प बसणारे मालकही. माफी कधीच झाली नव्हती. राज्याच्या गृहनिर्माण विभागानं 17 एप्रिल 2020 रोजी मालकांना एवढंच सांगितलं होतं, की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि त्या काळात भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. त्याआधी 29 मार्चला केंद्राचा आदेश आला होता, तो मजुरांकडून महिनाभर भाडं मागू नये यापुरता. पुढे ढकललेलं भाडं हे देणंच राहतं.

दुकानवाल्यांचा युक्तिवाद वेगळा असतो. शटर बंद होतं, धंदा शून्य होता, मग भाडं कसलं? दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं 21 मे 2020 रोजी याचं उत्तर दिलं. जागा सोडायची नाही आणि भाडंही द्यायचं नाही, हे चालणार नाही. करारात तशी अट असेल तर गोष्ट वेगळी, नाही तर लॉकडाऊनमुळे भाडं आपोआप थांबत नाही. निकाल दिल्लीचा असल्यामुळे तो आपल्याकडच्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण मुद्दा मांडायला उपयोगी आहे. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी आपला करार काढून आपत्ती, साथ, सरकारी बंदी असं कुठलं कलम त्यात आहे का, ते स्वतः वाचा. कित्येकांनी एजंटानं पुढे केलेल्या करारावर सही केलेली असते आणि तो आजवर वाचलेला नसतो.

मुदत उलटून जाऊ देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. थकलेल्या भाड्यासाठी दावा लावायला मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षं मिळतात आणि प्रत्येक महिन्याच्या भाड्याची तीन वर्षं वेगळी मोजली जातात. साथीमुळे सर्वोच्च न्यायालयानं 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या हिशोबातून वगळला. त्यामुळे एप्रिल 2020 चं भाडं असो की सप्टेंबर 2021 चं, घड्याळ सुरू झालं 1 मार्च 2022 ला आणि थांबलं फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस. तोवर दावा दाखल झाला नसेल आणि मधे काही लेखी झालं नसेल, तर त्या काळातल्या भाड्याचा दावा आज टिकणं अवघड. त्यानंतर थकलेल्या महिन्यांचं भाडं मात्र तीन वर्षांच्या आत असेल तोवर जिवंत आहे, आणि दर महिन्याला त्यातला एकेक महिना गळत चाललाय.

"मधे काही लेखी झालं नसेल तर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुदत संपण्याआधी भाडेकरूनं सहीनिशी देणं कबूल केलं, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. त्यानं नोव्हेंबर 2024 मध्ये बाकी मान्य करणाऱ्या कागदावर सही केली असेल, तर तुमच्या हातात नोव्हेंबर 2027 पर्यंतचा वेळ आहे. म्हणून आधी कपाट उघडा. जुनी पत्रं, ईमेल, नोटिशीला आलेलं उत्तर, सोसायटीकडे त्यानं केलेला अर्ज, सगळं काढा. "काका, थोडं थांबा, दिवाळीनंतर सगळं क्लिअर करतो" अशा व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबू नका. त्यात रक्कम नाही, महिने नाहीत, आणि कायद्याला जी सही लागते ती यात धरायची का, यावर दोन्ही वकील तासभर भांडतील. मेसेज पुराव्यासाठी जपून ठेवा, पण कबुली कागदावरच घ्या.

मुदत गेलेलीच असेल तर? अशा जुन्या देण्याबद्दल लेखी आणि सही केलेलं वचन दिलं, तर भारतीय करार कायद्याच्या कलम 25(3) प्रमाणे तो नवा करार ठरतो. पण इथे नुसती कबुली पुरत नाही, "देईन" असं लिहिलेलं असावं लागतं. मजकूर असा काहीसा ठेवा: "एप्रिल ते नोव्हेंबर 2020 या आठ महिन्यांचं दरमहा 15,000 रुपयांप्रमाणे 1,20,000 रुपये भाडं माझ्याकडून येणं आहे. हे पैसे मी येत्या महिन्यापासून दरमहा 10,000 रुपयांप्रमाणे बारा हप्त्यांत देईन." खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. अजून त्याच जागेत राहणारा आणि तिथेच राहू इच्छिणारा भाडेकरू असा कागद बऱ्याचदा देतो, कारण त्यालाही नवा करार हवा असतो. नव्या कराराची बोलणी चालू असतात, तीच हे मागायची वेळ. करार रजिस्टर होऊन गेल्यावर कोण विचारतो!

यूपीआयनं येणाऱ्या पैशांकडेही बारकाईनं बघा. भाडेकरू दहा हजार पाठवतो, कशाचे ते लिहीत नाही. अशा वेळी ते पैसे कुठल्या बाकीत जमा करायचे हे ठरवायचा हक्क तुमचा आहे, अगदी मुदत गेलेल्या बाकीतही. फक्त तसं लगेच लिहून कळवा: "आज मिळालेले 10,000 रुपये मे 2020 च्या भाड्यापोटी जमा केले." तुम्हीही काही बोलला नाहीत, तर कायदा ते तारखेच्या क्रमानं लावतो. आणि थोडे पैसे आले म्हणजे मुदत वाढली, असंही समजू नका. त्यासाठी पैसे मुदतीच्या आत आलेले असावे लागतात आणि ते दिल्याची नोंद देणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीनं असावी लागते.

टाळं, मीटर आणि नळ

रागाच्या भरात मालक जे करतो, ते बहुतेक वेळा भाडेकरूच्याच पथ्यावर पडतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 प्रमाणे वीज, पाणी यांसारख्या आवश्यक सेवा तोडणं किंवा अडवणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सकाळी मीटरचा फ्यूज काढला की दुपारी भाडेकरू पोलीस ठाण्यात असतो. तोवर दीड लाख थकवणारा तो असतो, संध्याकाळी आरोपी मात्र तुम्ही. टाळं ठोकणं, सामान जिन्यात काढून ठेवणं, सोसायटीच्या वॉचमनला सांगून लिफ्ट बंद करवणं, सगळं त्याच माळेतलं. सोसायटीच्या कमिटीत ओळख असलेल्या मालकांना हा मोह जास्त होतो.

नोटीस काढताना

जुना भाडेकरू असेल आणि भाडं थकलं म्हणून जागा रिकामी करून हवी असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 15 प्रमाणे आधी थकबाकीची लेखी मागणी करावी लागते आणि त्यानंतर 90 दिवस थांबावं लागतं. घाईनं पंधरा दिवसांची नोटीस देऊन दावा लावला, की तो पहिल्याच मुद्द्यावर कोसळतो. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूनं सगळी थकबाकी दरसाल 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याच्या खर्चासह भरली, आणि पुढेही नियमित भरत राहिला, तर या कारणासाठी त्याला बाहेर काढता येत नाही. अनेक मालक यावर चिडतात. पण आपल्याला नेमकं काय हवंय, पैसे की जागा, हे आधी ठरवलं असेल, तर ही तरतूद वसुलीसाठी उत्तम दट्ट्या आहे.

नोटिशीत रक्कम फुगवू नका. भाडं, मेंटेनन्स, विजेचं बिल आणि करारात असेल तरच दंड, हे सगळं वेगवेगळं लिहा. महिनावार तक्ता जोडला की समोरच्या वकिलाला धरायला फारसं काही उरत नाही. नोटीस पोचपावतीच्या टपालानं पाठवा आणि पावती फाइलला लावा. नोटिशीनंतर भाडेकरूनं पैसे पाठवले तर ते "माझ्या हक्कांना बाध न येता" असं लेखी कळवून स्वीकारा, नाही तर नोटीस मागे घेतली असा अर्थ काढला जाऊ शकतो.

चेक मिळालेला असेल तर त्याचं वेळापत्रक निराळं. तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकायचा, परत आल्यावर 30 दिवसांत नोटीस, मग भाडेकरूला 15 दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात फौजदारी तक्रार. "ओळखीतला आहे" म्हणून चेक पाकिटात ठेवून फिरणाऱ्यांनी हे पाठच करावं.

करारच नाही, किंवा रजिस्टर नाही

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायच्या परवानगीचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. भाडं 18,000 होतं की 12,000, हा वाद तिथेच निम्मा हरला. नोंदणी वाचवून उरलेले दोन-चार हजार रुपये इथे कित्येक पटींनी जातात.

राहण्यासाठी दिलेली जागा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर असेल, तर मालकाची बाजू बरीच भक्कम असते. मुदत संपूनही समोरचा निघत नसेल, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. दुकान आणि ऑफिसला हा रस्ता नाही, तिथे मुंबईत लघुवाद न्यायालय आणि इतरत्र सक्षम दिवाणी न्यायालय. करार चालू असतानाची थकबाकी कुठे मागायची, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, कारण चुकीच्या दारात घालवलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत. बँक, सरकारी कंपनी किंवा एक कोटी वा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेली कंपनी भाडेकरू असेल, तर भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही, आणि वरचं नोटिशीचं गणितही बदलतं. अशा कंपनीला दिवाळखोरीच्या अर्जाची धमकी देण्याआधी एक लक्षात घ्या: 25 मार्च 2020 ते 24 मार्च 2021 या काळातल्या थकबाकीसाठी तसा अर्ज कधीच करता येत नाही.

डिपॉझिट आणि तडजोड

"डिपॉझिट आहे ना आपल्याकडे" या भरवशावर मालक पाच-सहा महिने काढतात. तोवर डिपॉझिट संपलेलं असतं, रंगकाम आणि विजेचं बिल शिल्लक असतं, आणि भाडेकरू गावाला गेलेला असतो. वळतं करायचं असेल तर लेखी हिशोब देऊनच करा.

रक्कम लहान असेल तर माझं मत स्पष्ट आहे: निम्मं सोडा, जागा ताब्यात घ्या, नवा भाडेकरू आणा. मात्र सूट तोंडी देऊ नका आणि आधी तर मुळीच देऊ नका. "ठरलेले हप्ते वेळेवर भरले तरच 40,000 रुपये सोडले जातील, एक हप्ता चुकला तर पूर्ण रक्कम देय" ही ओळ कागदात हवीच. ती नसेल तर भाडेकरू दोन हप्ते भरतो आणि सूट मात्र पूर्ण घेतो. समेट लोकअदालतीत करून घेतला तर आणखी चांगलं. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचा, म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या निकालाच्या आदेशाचा, दर्जा असतो, त्यावर अपील नाही, आणि दावा आधीच दाखल असेल तर कोर्ट फीही परत मिळते.

हुकूमनामा हाती आला म्हणजे पैसे आले, असं नाही. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते आणि त्यासाठी भाडेकरूची नोकरी, बँक खातं, नवा पत्ता ठाऊक असावा लागतो. ही माहिती मिळवायची वेळ म्हणजे करार करतानाची. पगारावर जप्ती आणली तरी पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग सुरक्षित राहतो, म्हणजे वसुली महिनोन्महिने चालते.

आयकराचं मात्र बरेच जण विसरतात. न मिळालेलं भाडं उत्पन्नातून वगळता येतं, पण भाडेकरूनं जागा सोडलेली किंवा त्याला काढायला पावलं उचललेली असावी लागतात, आणि वसुलीसाठी कायदेशीर प्रयत्न केल्याचं किंवा ते निरर्थक ठरले असते हे दाखवता यावं लागतं. पुढे ते पैसे हाती आले, की ज्या वर्षी आले त्या वर्षी त्यावर कर लागतो, 30 टक्के वजावट धरून.