वाड्याच्या जाड भिंती आणि तीन राउटर

आमचा वाडा नाशिकच्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात. पुढे ओसरी, मग चौक, त्यापलीकडे माजघर आणि माजघराच्या मागच्या अंगाला वर माडी. भिंती मातीच्या, हातभर जाड. फायबरचं कनेक्शन ओसरीत घेतलं, तेही उंच फडताळात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी बाजारात शिरलं, तेव्हापासून विजेची कुठलीही वस्तू आम्ही खाली ठेवत नाही. ओसरीत नेट छान पळायचं, माजघरात रडतखडत चालायचं आणि माडीवर शून्य. माझं काम नेमकं माडीवर. मी पाचसहा दुकानांची जीएसटीची कामं बघते. २० तारखेला ३बी हे विवरणपत्र भरायचं आणि पान अर्ध्यावर अडकायचं. शेवटी घरात पडून असलेले दोन जुने राउटर काढले आणि ते मुख्य राउटरला हवेतूनच जोडले. आता तीन वर्षं झाली, नीट चालू आहे. कसं केलं ते सांगते.

आधी जागा ठरवा, सेटिंगचं नंतर. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, जिथं नेट येत नाही तिथंच डबा ठेवायचा ना?" नाही भाऊजी. रिपीटर, म्हणजे सिग्नल घेऊन पुढे देणारा राउटर, जे ऐकतो तेच पुढे बोलतो. त्यालाच नीट ऐकू आलं नाही, तर तो पुढे काय देणार? तो ठेवायचा जिथे नेट अजून चांगलं येतंय आणि जिथून पुढच्या खोलीकडे वाट मोकळी आहे तिथे. फोनवर वायफाय ॲनालायझरसारखं एखादं ॲप घ्या आणि घरभर हळूहळू फिरा. आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत रिपीटर ठेवायला हरकत नाही, उणे ७५ च्या पुढे तिथे डबा लावून उपयोग नाही. आमच्या माजघरात देव्हाऱ्याशेजारी उणे ७४ येत होता. चौकाकडच्या खिडकीच्या कोनाड्यात तीन पावलांवर उणे ६१! मध्ये भिंत नव्हती, लाकडी झडप होती, एवढाच फरक. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या आड राउटर ठेवू नका. पावसाळ्यात मातीची भिंत ओल धरते आणि सिग्नल आणखी खाते, म्हणून उन्हाळ्यात मोजलेल्या आकड्यावर थोडी सूट ठेवा.

जुन्या राउटरमध्ये हवेतून दुसऱ्या राउटरला जोडायची सोय, म्हणजे डब्ल्यूडीएस, आहे का ते बघा. टीपी-लिंकच्या जुन्या राउटरमध्ये वायरलेसच्या पानावरच डब्ल्यूडीएसची चौकट असते, काहींत रिपीटर मोड असं लिहिलेलं असतं. शक्यतो सगळे एकाच कंपनीचे घ्या. डब्ल्यूडीएस प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने करते. दोन वेगळ्या कंपन्यांचे डबे एकमेकांना दिसतात, पण पासवर्ड लावला की बोलेनासे होतात. पासवर्ड काढून टाकून जोडणी करू नका, बोळातला कोणीही आत येईल.

मुख्य राउटरमध्ये एकच काम: चॅनेल, म्हणजे राउटर ज्या लहरींवर बोलतो त्यांचा क्रमांक, 'ऑटो'वरून काढून पक्कं करायचं. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११, आजूबाजूला ज्यावर गर्दी कमी ते. ऑटोवर राहिलं तर वीज जाऊन आल्यावर तो दुसरं चॅनेल पकडू शकतो, आणि मागचे दोघे जुन्याच चॅनेलवर थांबतात. त्याचा मॅक अॅड्रेस (त्या यंत्राचा स्वतःचा अंक-अक्षरांचा क्रमांक) कागदावर उतरवून घ्या. बहुतेक राउटरमध्ये शोधाचं बटण असतं, पण काहींत तो हाताने घालावा लागतो. माझा एक तास यातच गेला. स्टिकरवरचा इंग्रजी 'बी' मी ८ वाचला होता. बारीक अक्षर, पिवळा पडलेला कागद. शेवटी मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहिला, तेव्हा कळलं. हे तुम्ही पहिल्याच वेळी करा.

आता दुसरा राउटर. मागच्या बारीक भोकात टाचणी दहा सेकंद दाबून त्याचं जुनं सगळं पुसून टाका. लॅपटॉप वायरने त्याच्या लॅन पोर्टला (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेला) जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून सेटिंगचं पान उघडा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर याचा १९२.१६८.१.२ करा आणि सेव्ह करून नव्या पत्त्यावर पुन्हा आत या. वायरलेसमध्ये तेच चॅनेल द्या, डब्ल्यूडीएस चालू करा, यादीतून मुख्य राउटर निवडा, त्याचा पासवर्ड आणि तीच डब्ल्यूपीए-२ सुरक्षा घाला. नेटवर्कचं नावही तेच ठेवा, म्हणजे फोन घरभर फिरताना आपोआप जवळचा डबा धरेल.

डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद करायचं ते सगळ्यात शेवटी. आधी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही आणि आत शिरणं अवघड होऊन बसेल. पण विसरू मात्र नका. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारा एकच हवा, तो म्हणजे मुख्य राउटर. दोघे वाटायला लागले की वायफायचं चिन्ह भरलेलं दिसतं आणि पान काही उघडत नाही. जाऊबाईंचा फोन दोन दिवस असाच वागत होता. बंद केल्यावर लॅपटॉपची वायर काढून परत लावा. आता त्याला १९२.१६८.१.१०४ असा काहीतरी पत्ता आणि गेटवे (नेटकडे जायची वाट) १९२.१६८.१.१ मिळाला, तर तो मुख्य राउटरकडून हवेतून आलाय. जोडणी झाली.

तिसऱ्यालाही हेच, पत्ता शेवटी ३. फक्त त्याला कोणाला जोडायचं ते विचारपूर्वक ठरवा. एकच रेडिओ असलेला राउटर ऐकतो आणि बोलतो एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जाते आणि वेग साधारण निम्मा होतो. माळेत एकामागून एक लावलेत की निम्म्याचा निम्मा. आमच्याकडे ओसरीत ४६ एमबीपीएस, माजघरात २१ आणि माजघरातून जोडलेल्या माडीवर ९ मिळत होता. विवरणपत्राला ९ पुरतात, पण भाचीचा ऑनलाइन क्लास अडकायचा. माडीवरचा डबा चौकाकडच्या गवाक्षात सरकवून थेट ओसरीला जोडला, तर तोच आकडा १९ झाला. दोन्ही बँडचे (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे) राउटर घेणं जमत असेल तर एका बँडवर जोडणी आणि दुसऱ्यावर फोन असं करता येतं. पण ५ गिगाहर्ट्झ आमच्या मातीच्या भिंतीत एका खोलीतच संपतो, हे लक्षात असू द्या.

वायर टाकणं शक्य असेल तर मी वायरच टाका म्हणेन. कॅट-६ ची केबल शंभर मीटरपर्यंत चालते आणि वेग निम्मा होत नाही. मुख्य राउटरच्या लॅनमधून दुसऱ्याच्या लॅनमध्येच लावायची, बाहेरचं नेट घ्यायच्या वॅन पोर्टमध्ये नाही. आणि वायर लावलीत की त्या राउटरचं डब्ल्यूडीएस आधी बंद करा. वायर आणि हवा दोन्ही वाटा एकदम चालू राहिल्या तर माहिती गोल गोल फिरत राहते आणि सगळ्या घराचं नेट बसतं.

तिन्ही राउटरच्या पाठीला मी एकेक चिठ्ठी चिकटवली आहे: पत्ता, चॅनेल, मॅक. पेन्सिलीने लिहिलेली, आणि तो 'बी' दोनदा गिरवलेला.