गावात एचपीव्ही लशीबद्दल बोलायला जाताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे गावातल्या प्रात्यक्षिक कामाला निघालेल्या पोरींनो, आधी स्वतःचं बघा. एचपीव्ही या विषाणूचे प्रकार १६ आणि १८ तुम्हाला तोंडपाठ असतात, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे सुमारे ७० टक्के हेच दोन, हेही पेपरात लिहिता. पण ‘तू घेतलीस काय गं लस?’ असं एखाद्या मावशीनं विचारलं की मान खाली जाते. वयाची पंधरा वर्षं झाल्यावर साधारण ०, २ आणि ६ महिने असे तीन डोस देतात. २०२३ पासून पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही आपल्याकडची लसही मिळते. घरी बोला, डॉक्टरांना विचारा.

गावात सुरुवात ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ इथून करा. तो बायकांना माहीत असतो. मग विचारतील, कशानं होतो? संबंधातून पसरणाऱ्या विषाणूनं, हे लपवू नका, पण तिथंच थांबूही नका. बहुतेक लोकांना तो आयुष्यात कधीतरी लागतो, आणि बहुतेकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्या बाईच्या अंगात तो वर्षानुवर्षं ठाण मांडतो, तिला धोका. लागण जुनीही असू शकते, म्हणून रिपोर्टवरून कुणाच्या वागण्याचा निवाडा करू नये. हे ठासून सांगा. संशयापायी बाई तपासणीलाच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘लग्न ठरल्यावर देऊ की’ हे हमखास ऐकाल. लागण व्हायच्या आधी दिली तरच लशीचा पूर्ण उपयोग, म्हणून वय ९ ते १४, सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. मूल होणार नाही ही भीतीही निघेल. लशीत जिवंत विषाणू नसतो, नुसतं त्याचं रिकामं कवच असतं, आणि तिनं वांझपण येत नाही. आई कन्नड बोलणारी असेल तर आशाताईंना सोबत घ्या, अर्धवट भाषेत हा विषय नको. टोचल्यावर पोरीला पंधरा मिनिटं बसवा, या वयात चक्कर येते.

आयांना मात्र लशीवर थांबवू नका. झालेली लागण लस बरी करत नाही. तिशीनंतर व्हीआयए तपासणी हवीच: ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसतो का बघायचं. लस घेतलेल्या पोरींनाही पुढं ती चुकत नाही.

पहिला डोस झालेल्या मुलींची नावं आणि दुसऱ्याची तारीख वहीत लिहा. पोस्टिंग संपायच्या आत ती यादी आशाताईंच्या हातात द्या.