रडार नाही म्हणून ट्रान्सपॉन्डर बंद करू नका

ऑस्ट्रेलियाच्या वैराण मधल्या भागात नियंत्रित हद्दीबाहेर उडताना कंट्रोलरने ट्रान्सपॉन्डरसाठी (रेडिओवरून विचारल्यावर विमानाचा कोड आणि उंची सांगणारं यंत्र) चार आकडी कोड दिलेला नसेल, तर डोळ्यांनी पाहून उडणाऱ्यांनी १२०० आणि उपकरणांवर उडणाऱ्यांनी २००० लावावा. स्वतःचा ‘लकी’ आकडा नको! बघायला रडार नसलं तरी समोरून येणाऱ्या विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा तुमच्याच ट्रान्सपॉन्डरला प्रश्न विचारते. म्हणून नॉब ‘ऑन’वर नाही, ‘ऑल्ट’वर (म्हणजे उंचीही कळवणाऱ्या खुणेवर) हवा, नाहीतर तिला तुमची उंचीच कळत नाही.

नॉब फिरवून कोड लावायचा जुना संच असेल तर आकडे फिरवतानाही जपा. २६०० वरून ७००० ला जाताना पहिला आकडा आधी बदललात, तर मध्येच ७६०० लागतो, म्हणजे ‘माझा रेडिओ निकामी झालाय’ असा संकेत जातो. आधी सहाचा शून्य करा.